बर्फात भोकं पाडायचा ऑगर: ड्रिलवाला ६ इंची, एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

अमेरिकेत मिनेसोटात येऊन नऊ वर्षं झाली आणि गेले चार हिवाळे मी गोठलेल्या तळ्यांवर मासे पकडतेय. माहेरी पेणजवळ आमचं जिताड्याचं तळं होतं, बाबा बांधावर गळ टाकून बसायचे आणि मी त्यांच्या शेजारी, त्यामुळे इथे पहिल्यांदा बर्फावर बादल्या पालथ्या घालून बसलेली माणसं दिसली तेव्हा नवरा म्हणाला वेडी आहेत का ही, आणि मला मात्र कधी एकदा जाऊन बसते असं झालं. आता मराठी मंडळातल्या तिघाचौघांनी विचारलंय की ऑगर कुठला घ्यायचा, प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतला, मार्च २०२५ च्या मध्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार वापरला, मिनेटोंका आणि व्हाइट बेअर या जवळच्या तळ्यांवर, आणि तीनदा वर मिल लॅक्सच्या तळ्यावर.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी, ऑगर म्हणजे सुताराचं गिरमिट, फक्त कमरेएवढं उंच. खाली दोन पाती, वर फिरवायला हात किंवा मोटर. पेट्रोलवाले असतात, प्रोपेनवाले असतात, ४० व्होल्टची बॅटरी आणि स्वतःची मोटर असलेले इलेक्ट्रिक असतात, आणि चौथा प्रकार म्हणजे नुसता खालचा स्क्रू विकत घ्यायचा आणि तो घरातल्या १८ व्होल्टच्या ड्रिलला लावायचा. मी हा चौथा घेतला, ६ इंची. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण त्यात तक्रारीही आहेत, आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा प्रकार आणि साइज नीट निवडलीत की बाकी फार फरक पडत नाही.

पहिले दोन हिवाळे शेजारच्या आजोबांचा पेट्रोलवाला १० इंची होता. ते ७४ वर्षांचे आहेत, माझा मुलगा त्यांना आजोबाच म्हणतो, मला हे सगळं शिकवलं त्यांनीच. तो ऑगर म्हणजे राक्षस, १५ किलोच्या आसपास, दोरी ओढून चालू करायचा, चालू झाला की एका मिनिटात भोक, त्यात वाद नाही. पण मी पाच फूट एक इंच. एक भोक पाडलं की खांदे भरून यायचे, दुसरं पाडलं की तिसऱ्याचा विचारही नको वाटायचा, मग मासा लागो न लागो त्याच दोन भोकांवर संध्याकाळपर्यंत बसायचं. शिवाय ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास हातमोज्यांना, हातमोज्यांचा वास आमिषाला, आणि घरी येईपर्यंत गाडीत सगळ्यांची डोकी दुखायची. बर्फावर उभारलेल्या तंबूच्या आत तर पेट्रोलवाला कधीच चालू करायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो, हे आजोबांनी मला मासा कसा धरायचा त्याच्याही आधी सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी हाताने फिरवायचा घेतला. डिसेंबरात पाच इंच बर्फ असतो तोवर मस्त चालतो, जानेवारीच्या शेवटी पंधरा इंच झाला की घाम फुटतो, आणि उणे वीसमध्ये घाम फुटणं चांगलं नाही, नंतर थांबलात की तोच घाम अंगावर गार पडतो.

तर नोव्हेंबरात दुकानात गेले. तिथल्या मुलाने सरळ १० इंचीकडे नेलं, म्हणे मोठं घ्या, मोठ्याने काहीही होतं. सगळे हेच सांगतात आणि मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय. भोकाची रुंदी दोनच इंचांनी वाढली असं वाटतं, पण कापायचा बर्फ वर्गाच्या हिशोबाने वाढतो. ६ इंचीपेक्षा ८ इंचीला पावणेदोनपट बर्फ कापायचा, १० इंचीला पावणेतीनपटीहून जास्त. तेवढी मोटर मोठी, तेवढी बॅटरी मोठी, तेवढं वजन जास्त, आणि ते सगळं स्लेडवर, म्हणजे घसरगाडीवर, घालून ओढायचं तुम्हाला. ज्यांच्याकडे स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, आहे, ज्यांचं बर्फावर चाकांचं घर उभं असतं, त्यांनी ८ किंवा १० इंची इलेक्ट्रिक खुशाल घ्यावा, १० ते ११ किलो त्यांना काहीच नाही. मी पार्किंगपासून चालत जाते. माझा ड्रिल, स्क्रू आणि बॅटरी धरून साधारण साडेचार किलो होतं, खांद्याला अडकवलं की विसरायला होतं.

आणि याचा परिणाम काय झाला तर मी भोकं पाडायला लागले. म्हणजे खूप भोकं. मासा काही आपल्या भोकाखाली येऊन उभा राहत नाही, आपण त्याच्या डोक्यावर जाऊन भोक पाडायचं असतं. क्रॅपी नावाचे मासे तर थव्याने मधल्याच खोलीवर लटकत असतात, आज इथे उद्या तिथे. पूर्वी मी दोन भोकांवर आठ तास बसायचे, यंदा एका सकाळी दहा-बारा भोकं पाडून प्रत्येकात सोनार, म्हणजे खालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, टाकून बघायचे, काही दिसलं तर गळ खाली, नाही तर पुढे. १८ जानेवारीला मिल लॅक्सवर दहा भोकांत काही नव्हतं, हात थकले होते, मुलगा म्हणाला आई बस झालं, आणि मी म्हटलं एकच शेवटचं. अकराव्यात संध्याकाळी साडेचारला, उजेड कमी होताना, वॉलआय नावाचा मासा लागला आणि मग अर्ध्या तासात अजून दोन. १० इंची ऑगर हातात असता तर ते अकरावं भोक मी पाडलंच नसतं, हे मला शंभर टक्के माहीत आहे.

सुरक्षिततेचंही तेच. इथल्या डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचा, सल्ला आहे की चार इंचांहून कमी स्वच्छ बर्फ असेल तर पाऊल टाकायचं नाही, आणि पांढरा, बर्फ पडून गोठलेला थर असेल तर दुप्पट जाडी धरायची. एकाच तळ्यावर इथे आठ इंच आणि शंभर पावलांवर तीन, असं होतं. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सगळ्यात उबदार होता, त्या डिसेंबरात अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडाच सुटून वाहायला लागला आणि शंभरावर माणसांना बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून मी पहारीने ठोकत चालते आणि आता थोड्या थोड्या अंतरावर ड्रिलने भोक पाडून पट्टीने मोजते, पातळ बर्फात ६ इंचीला दहा सेकंद पुरतात. जड मशीन असलेला माणूस एवढं मोजत नाही, कंटाळतो, मी स्वतः कंटाळायचे.

आता ड्रिल कुठला. स्क्रू कितीही चांगला असू दे, ड्रिल हलका निघाला तर जळणार. ब्रशलेस मोटर पाहिजे, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ७०० इंच-पाउंडच्या वर, आणि बाजूला लावायची आडवी मूठ पाहिजेच पाहिजे. भिंतीला खिळा-स्क्रू मारायचा १२ व्होल्टचा ड्रिल घेऊन जाऊ नका. गिअर १ वर ठेवायचा, क्लच ड्रिलच्या चिन्हावर.

मूठ का म्हणते ते सांगते. डिसेंबरातल्या दुसऱ्याच रविवारी मी मूठ लावायची विसरले. भोक जवळजवळ झालं होतं, आणि खालून आरपार जाताना पातं बर्फाच्या कडेत अडकलं. स्क्रू थांबला, मोटर थांबली नाही, त्यामुळे अख्खा ड्रिल माझ्या मनगटासकट गर्रकन उलटा फिरला. दोन आठवडे पोळ्या लाटता आल्या नाहीत, नवऱ्याने लाटल्या. त्यानंतर मी दोन मुठींची चौकट घेतली ज्यात ड्रिल बसतो आणि झटका दोन्ही हातांवर विभागून येतो, अर्धा-पाऊण किलो वजन वाढतं पण आता तिच्याशिवाय चालू करत नाही. आरपार जायच्या शेवटच्या दोन इंचांत दाबायचं नाही, उलट थोडं वर उचलून धरायचं, पात्याला स्वतःहून कापू द्यायचं.

दुसरं, भोक झालं की आतला लगदा बाहेर काढायला काही लोक ड्रिल उलटा फिरवतात. ड्रिलवाल्याने हे करताना जपून, उलट फिरवलं की चक, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा ड्रिलचा जबडा, सैल होतो आणि स्क्रू सरळ तळ्याच्या तळाशी. वर एक रुंद तबकडी बसवायची, भोकापेक्षा मोठी, म्हणजे सुटला तरी अडकतो. मला ती दोनदा उपयोगी पडली. लगदा मी झाऱ्यानेच काढते, इथे त्यासाठी वेगळा विकत मिळतो पण दिसायला आपला पुऱ्या तळायचाच झारा.

बॅटरी. हे नीट वाचा कारण थंडीत सगळं गणित बदलतं. ५ अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर उणे पाच सेल्सिअसला, बारा इंच बर्फात, मला तीसच्या वर भोकं मिळाली. तीच बॅटरी फेब्रुवारीत उणे बावीसला वीस इंच बर्फात नवव्या भोकाला बंद पडली, आणि मी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला होते. आता दोन बॅटऱ्या नेते, दोन्ही जॅकेटच्या आतल्या खिशात, भोक पाडायच्या वेळी लावायची, झालं की काढून परत खिशात. मुलाच्या शाळेच्या डब्याची जाड पिशवी असते ना, त्यात गरम पाण्याची बाटली आणि शेजारी बॅटरी, हेही छान चालतं. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, लिथियम बॅटरी शून्याच्या खाली असताना चार्ज केली की आतून कायमची खराब होते. दोन तास घरात राहू द्यायची, मग लावायची.

पाती हा खरा जीव आहे या मशीनचा. माझी सपाट, रंध्यासारखी तासणारी आहेत. धार चांगली असली की भोकाभोवती ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा बर्फ पडतो, लांब लांब, आणि ड्रिलचा आवाज खालच्या सुरात राहतो. धार गेली की पिठीसाखर पडायला लागते, स्क्रू नुसता फिरतो, आपण दाबतो, बॅटरी संपते. लोक मग बॅटरीला दोष देतात. माझी पहिली जोडी मी एकाच भोकात घालवली, काठाजवळ, जिथून गाड्या तळ्यावर उतरतात तिथे, टायरला चिकटून आलेली रस्त्यावरची वाळू बर्फात मिसळलेली असते. करर्र असा आवाज आला तेव्हाच कळलं. आता काठाजवळचं भोक जुन्या पात्यांनी नाहीतर पहारीने. सपाट पात्यांचा अजून एक तोटा म्हणजे कालचं अर्धवट गोठलेलं भोक परत उघडायला गेलात की ती अडकतात, झटका देतात, त्यापेक्षा हातभर बाजूला नवीन पाडायचं. ज्यांना जुनी भोकंच उघडायची असतात त्यांनी दातेरी पाती बघावीत, कापतात हळू पण अडकत नाहीत.

भोक झालं की पात्यांवरचं पाणी लगेच झटकायचं, नाहीतर तिथेच गोठतं आणि पुढच्या भोकाला धार बर्फाखाली झाकलेली. बर्फावर आपटायचं मात्र नाही, बुटाच्या बाजूवर हलकेच मारायचं.

तक्रार एकच मोठी. बदली पाती ऑनलाइन मागवली तर ती बसवायचे छोटे स्क्रू चुकीच्या साइजचे आले, विकणाऱ्याला चार ईमेल केले, बरोबर स्क्रू यायला तीन आठवडे. आमचा इथला वॉलआयचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी संपतो, त्यातले तीन आठवडे म्हणजे खूप झाले, मला खरंच वाईट वाटलं. म्हणून ऑगर घेतानाच पात्यांची एक जोडी आणि तिचे छोटे स्क्रू बरोबर घ्या.

आणि ६ इंची कुठे कमी पडतो तेही सांगायलाच हवं. फेब्रुवारीत टिप-अपला, म्हणजे भोकावर ठेवून द्यायच्या आणि मासा लागला की झेंडा वर करणाऱ्या गळाला, नॉर्दर्न पाइक हा मोठा मासा लागला, दोर हाताने ओढत आणला, डोकं भोकापाशी आलं आणि तिथे ते आडवं झालं. पाण्यात पिवळा डोळा दिसत होता, कल्ला बर्फाच्या कडेला घासत होता, मी दोर ढिला सोडला, परत ओढला, तीन वेळा, चौथ्यांदा दोर कडेवर घासून तुटला. ८ इंची असता तर आला असता. क्रॅपी, सनफिश, पर्च आणि खायच्या साइजचे वॉलआय यांना ६ पुरेसं आहे, पण जे पाइकच्या किंवा लेक ट्राउटच्या मागे जातात त्यांनी ८ च्या खाली येऊ नये. पुढे-मागे मीही टिप-अपच्या भोकापुरता ८ इंची स्क्रू त्याच ड्रिलला घेईन म्हणते. दोन ६ इंची भोकं चिकटून पाडून एक मोठं करायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, ड्रिलने ते करताना मनगट जातं.

खर्च म्हणाल तर स्क्रू, चौकट आणि जास्तीची पाती मिळून अडीचशे डॉलरच्या आसपास, ड्रिल घरात होताच, नसेल तर बॅटरीसकट अजून दोनशे धरा. म्हणजे चांगल्या ४० व्होल्टवाल्याएवढाच जातो, पण ड्रिल उन्हाळ्यात डेकच्या फळ्या बसवायलाही चालतो.

मिल लॅक्सच्या त्या संध्याकाळचे तिन्ही वॉलआय मी घरी आणले, आगळ आणि हळद लावून रव्यात तळले, मांस पांढरं, घट्ट, जिताड्याच्या खूप जवळ जाणारं. आजोबांना ताट नेऊन दिलं. मार्चमध्ये पाती काढून पुसली, तेलाचं बोट फिरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलीत, आणि मुलाचे हात लागू नयेत म्हणून डबा वरच्या फळीवर.