कास्ट की फोर्ज्ड? चोर्ला घाटासाठी स्पोर्ट्स कारची चाकं

बेळगावहून चोर्ल्यातून गोव्याला जायचं तर पावसाळ्यातले खड्डे चुकत नाहीत, म्हणून टिकाऊपणा आधी पाहा. जोराच्या दणक्याला कास्ट अलॉयला, म्हणजे वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतून केलेल्या चाकाला, तडा जाऊ शकतो. फोर्ज्ड, म्हणजे प्रचंड दाबाखाली घडवलेलं, सहसा वाकतं. वजनातही फोर्ज्ड हलकं. किमतीत मात्र कास्ट कितीतरी स्वस्त.

मापात दोन्हींना सूट नाही. पाच बोल्टांच्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यबिंदूंतलं अंतर ०.५८८ ने भागा: ६७.२ मिमी असेल तर पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ११४.३ मिमी. ऑफसेट (चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) तोच ठेवून रुंदी ८ ऐवजी ९ इंच घेतली, तर चाक आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी वाढतं. म्हणून स्टीअरिंग पूर्ण वळवून स्ट्रटपाशी (सस्पेन्शनचा उभा दांडा) फट मोजाच. सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) हबपेक्षा मोठा असेल तर ती फट भरणारी हब रिंग बसवा, नाहीतर वेगात थरथर येते.

रोजच्या खानापूर-बेळगाव फेऱ्यांना कास्ट, तेही जाड साइडवॉलच्या (टायरची बाजूची भिंत) टायरसकट. घाटात गाडी जोरात चालवणाऱ्यांनी फोर्ज्डच घ्यावं.