फरकाच्या स्लिपवरची ‘युनियन फंड’ ही ओळ: वर्गणी आणि लेव्हीचा वापरानंतरचा अनुभव

सभासद कसं व्हायचं, फॉर्म कुणाकडे मिळतो, वर्गणी पगारातून कशी कापली जाते हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरून लिहितो आहे. पगारवाढीचा करार झाला, मागच्या महिन्यांचा थकलेला फरक एकरकमी मिळाला आणि त्या स्लिपवर ‘युनियन फंड’ अशी एक ओळ आली. ही लेव्ही, म्हणजे फरकातून युनियनसाठी एकदाच कापलेली रक्कम. त्या ओळीपुढचा आकडा हे या लिखाणाचं कारण. युनियनचं नाव देत नाही, कारण प्रश्न एका युनियनचा नाही.

आधी पैशाचं प्रमाण. समजा मासिक वर्गणी ५० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ६००. करारानंतर फरक ६०,००० रुपये निघाला आणि लेव्ही १५ टक्के ठरली, तर एका फटक्यात ९,००० कापले जातात. पंधरा वर्षांची वर्गणी एका दिवसात. तरी गेटवर वाद होतात ते पन्नासचे साठ करायचे की नाही यावर, आणि लेव्हीचा ठराव सर्वसाधारण सभेत पाच मिनिटांत हात वर करून मंजूर होतो. काटकसरीने जगणाऱ्या माणसाने नेमकं उलट करायला हवं. दहा रुपये वाढू द्यावेत आणि लेव्हीच्या ठरावाला उभं राहून तीन प्रश्न विचारावेत: टक्का ढोबळ फरकावर की फंड-टॅक्स कापून उरलेल्या रकमेवर, पैसे कोणत्या खात्यात जमा होणार, आणि पावती कोण देणार.

पावतीबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळं तिथेच अडतं. नेहमीच्या पावतीपुस्तकात अनुक्रमांक, नाव, खातं किंवा तिकीट नंबर, महिना, रक्कम आणि खजिनदाराची सही असते. वरती युनियनचा नोंदणी क्रमांक असतो, काही पुस्तकांत तोही नसतो. पैसे कशासाठी घेतले हा रकाना मात्र नसतो. त्यामुळे वर्गणी, लेव्ही, इमारत निधी, मोर्च्याच्या गाड्यांची वर्गणी आणि निवडणुकीच्या तोंडावर फिरणारी डबी, सगळं एकाच छापाच्या कागदावर येतं. पगारातून कापलेल्या पैशाला तर पावतीही मिळत नाही. स्लिपवरची ओळ हीच पावती समजायची.

हा रकाना मला एवढा का महत्त्वाचा वाटतो, ते १९२६ च्या ट्रेड युनियन ॲक्टवरून कळेल. या कायद्याने युनियनच्या पैशाचे दोन कप्पे केले. कलम १५ सर्वसाधारण निधीचं. त्यातून पदाधिकाऱ्यांचं मानधन, ऑफिस आणि ऑडिटचा खर्च, कोर्टकचेरी, औद्योगिक विवाद चालवणं, संपात बुडालेल्या पगाराची भरपाई, आजारपण, अपघात, म्हातारपण, बेकारी किंवा मृत्यूनंतरची मदत, सभासदांसाठी शिक्षण, मुखपत्र असे खर्च करता येत. कलम १६ वेगळ्या राजकीय निधीचं. उमेदवाराचा निवडणूक खर्च, त्याच्या प्रचाराच्या सभा आणि पत्रकं, आमदार-खासदार-नगरसेवकाचा निर्वाहखर्च, मतदारनोंदणी, राजकीय सभा, हे या दुसऱ्या कप्प्यातूनच. आणि तो कप्पा भरायचा तो वेगळ्या, त्याच कामासाठी घेतलेल्या वर्गणीतून. त्यासाठी सभासदावर सक्ती करता येत नाही. पैसे दिले नाहीत म्हणून त्याचे लाभ अडवता येत नाहीत, आणि राजकीय निधी दिला तरच सभासदत्व अशी अटही घालता येत नाही. न देणाऱ्याचा त्या निधीच्या कारभारात हक्क राहत नाही, एवढाच फरक.

हे कलम ब्रिटनमधल्या भांडणातून आलेलं आहे. १९०९ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑस्बोर्न खटल्यात रेल्वे कामगारांच्या युनियनला पार्लमेंटच्या सभासदांसाठी पैसे गोळा करायला मनाई केली. मग १९१३ च्या कायद्याने वेगळा निधी आणि नकाराचा हक्क अशा अटींवर परवानगी दिली. आपल्याकडे तोच सांगाडा आला.

लेव्हीबद्दल माझं पहिल्यापासूनचं मत असं होतं की लेखी संमतीशिवाय फरकातून पैसे कापताच येणार नाहीत. वेतन प्रदान कायद्याने १९८२ च्या दुरुस्तीपासून युनियनची सभासद फी पगारातून कापायला परवानगी दिली, पण कामगाराच्या लेखी संमतीवर. लेव्ही ही सभासद फी नव्हे, तेव्हा तिला वेगळी सही हवी, असा तो तर्क. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर १९८४ चा बामर लॉरी प्रकरणातला निकाल वाचल्यावर हे मत तसंच्या तसं टिकत नाही. मुंबईच्या त्या कंपनीत मान्यताप्राप्त, म्हणजे सगळ्या कामगारांच्या वतीने मालकाशी बोलायचा हक्क असलेल्या युनियनने केलेल्या करारात प्रत्येक कामगाराच्या ढोबळ फरकातून १५ टक्के युनियन फंडासाठी कापण्याचं कलम होतं. दुसऱ्या युनियनने त्याला आव्हान दिलं. कोर्टाने ते कलम वैध ठरवलं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता कायद्याखाली मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सगळ्या कामगारांना बांधतो, त्या युनियनचे सभासद नसलेल्यांनाही, आणि करारासोबत त्यातलं हे कलमही बांधतं.

पहिल्यांदा वाचताना राग येतो. पण इथेच लेव्हीचे गुण वाढवावे लागतात. पगारवाढ सगळ्यांना मिळते, कोर्टाचा आणि वाटाघाटींचा खर्च मात्र वर्गणीदारांच्या माथी पडतो. न देणाऱ्याकडून एकदा तरी वाटा घेणं गैर नाही. शिवाय या निकालाला कलम १६ जोडून वाचलं की एक सरळ गोष्ट निघते: जो पैसा सक्तीने कापला गेला तो राजकीय निधीचा असूच शकत नाही, कारण त्या निधीला सक्ती चालत नाही. म्हणजे लेव्हीचा रुपया न् रुपया सर्वसाधारण कप्प्यात जायला हवा आणि निवडणुकीच्या एका पोस्टरलाही लागता कामा नये. पावतीवर ‘सर्वसाधारण’ आणि ‘राजकीय’ असे दोन रकाने छापले असते तर हे सांगायला कायद्याचं पुस्तक उघडावं लागलं नसतं.

आता गळती कुठे होते ते. राजकीय निधी उघडलेलाच नाही, असं युनियन सांगते. मग निवडणुकीच्या महिन्यांत खर्च कोणत्या नावाखाली बसतो? जमाखर्चात पाच ओळी पाहाव्यात: प्रवासखर्च, सभाखर्च, छपाई, सत्कार आणि देणग्या. अध्यक्ष बाहेरचा असेल, तोच आमदारकीला उभा असेल आणि गाडी युनियनची असेल, तर डिझेलचं बिल सगळं सांगतं. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी. छपाईच्या बिलावर मजकुराचा नमुना जोडलेला आहे का, हेही पाहावं. नमुना नसेल तर तेवढा एकच प्रश्न सभेत विचारला तरी पुरतो.

देणग्यांची ओळ सगळ्यात नाजूक. १९२६ च्या कायद्यात एकूण कामगारवर्गाच्या हिताच्या कामाला सर्वसाधारण निधीतून मदत करता येत होती, पण तिला मर्यादा होती: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक आणि त्या वर्षी त्या वेळेपर्यंत झालेली ढोबळ जमा यांच्या बेरजेचा चौथा हिस्सा. ५०० सभासद, ६०० रुपये वर्गणी, म्हणजे ३ लाख जमा. शिल्लक ५ लाख. तर देणग्यांची वर्षभराची मर्यादा २ लाख. आता करारवर्षी प्रत्येकी ९,००० लेव्ही आली की ४५ लाख त्यात पडले. बेरीज ५३ लाख, मर्यादा १३ लाख २५ हजार. एकही नियम न मोडता देणगीची ताकद सहापटीहून जास्त होते. म्हणून करारवर्षाचा हिशोब इतर कुठल्याही वर्षापेक्षा बारकाईने वाचायचा. आणि त्याच वर्षी लोक फरकाच्या आनंदात असतात, सभेला कुणी थांबत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी वर्गणीच बंद करायला निघालं असेल, तर थांबा. राग काढायची ही सगळ्यात वाईट पद्धत आहे. १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी अर्जाआधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात, आणि त्या सहा महिन्यांत ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तो सभासद मोजलाच जात नाही. शंभर जणांनी निषेध म्हणून चार महिने पैसे दिले नाहीत, तर त्या शंभर जणांचं मत सभासदसंख्येच्या तपासणीच्या दिवशी नाहीसं होतं, आणि समोरची, कदाचित मालकाच्या मर्जीतली युनियन पुढे सरकते.

युनियनचं खरं राजकीय वजन या पावत्यांच्या संख्येत आहे. निवडणुकीला दिलेल्या रकमेपेक्षा वाटाघाटीच्या टेबलावर कोण बसतं हे जास्त मोठं राजकारण आहे. मुंबईच्या गिरण्यांत हे सगळ्यांनी पाहिलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन होती. काँग्रेसच्या जवळच्या इंटक या कामगार महासंघाशी ती जोडलेली. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी कायद्याने वाटाघाटीचा हक्क संघाकडेच राहिला. तो कायदाच रद्द करा, ही संपाची एक मोठी मागणी होती. सामंत १९८४ मध्ये मुंबई दक्षिण मध्यमधून लोकसभेवर निवडून आले, पण गिरण्यांच्या टेबलावरची ती खुर्ची त्यांना मिळाली नाही. मतपेटी आणि पावतीपुस्तक यांत पावतीपुस्तक भारी पडलं.

युनियनने राजकारण करूच नये, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. किमान वेतन, कंत्राटी कामगार, ग्रॅच्युइटी, सगळं विधिमंडळात आणि संसदेत ठरतं. तिथे माणूस हवा आणि त्याला खर्चही येतो. कंपन्याही राजकीय पक्षांना देणगी देतात. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव पुरतो, एकेका भागधारकाची संमती लागत नाही. युनियनला मात्र वेगळं खातं आणि प्रत्येकाची मर्जी लागते. कामगारांच्या संघटनेवर कायद्याने जास्त कडक शिस्त लादली आहे, हे खरं. ती पाळली तर नेत्याला ताठ मानेने सांगता येईल की हा पैसा स्वखुशीने दिलेला आहे. तो रकाना मागतो आहे तो याचसाठी.

एक मोठा बदल यात नोंदवायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा कायदा तिच्यात विलीन झाला. वेगळा निधी आणि सक्तीला मनाई या दोन्ही गोष्टी संहितेच्या कलम १५ मध्ये टिकल्या, हे चांगलं. पण सर्वसाधारण निधी कशावर खर्च करायचा याची यादी आता कायद्यात नाही, ती नियमांवर सोपवली आहे. कायदा बदलायला सभागृह लागतं, नियम अधिसूचनेने बदलतात. सभासदाच्या दृष्टीने ही घट आहे आणि मी त्यासाठी संहितेचे गुण कापतो. दुसरीकडे, एकमेव वाटाघाटी युनियनसाठी हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ठेवल्याने प्रत्येक पावतीचं मोल वाढलं.

जुन्या कायद्याचा दंड आठवला तरी चीड येते. वार्षिक विवरणपत्र युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाला दिलं नाही तर पाच रुपये, चूक चालू राहिली तर दर आठवड्याला आणखी पाच, आणि सगळं मिळून पन्नासच्या वर नाही. एवढ्या दंडाच्या धाकाने कोण वेळेवर हिशोब देणार होतं?

त्यामुळे सभासदानेच मागावं लागतं. वह्या आणि सभासदयादी पाहायचा हक्क १९२६ च्या कायद्याच्या कलम २० ने सभासदाला दिला होता, आणि युनियनच्या स्वतःच्या घटनेतही तपासणीची वेळ लिहिलेली असते. आधी घटनेची प्रत मागा आणि ती वेळ शोधा. मग सरचिटणीसाच्या नावे दोन प्रतींत अर्ज द्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ‘सगळा हिशोब दाखवा’ असं लिहू नका. त्याला ‘सभेत मांडला आहे’ हेच उत्तर येतं. महिना आणि खातं नेमकं लिहा: अमुक वर्षाच्या मार्च ते मे महिन्यांतील प्रवासखर्च व छपाईची व्हाउचर, लेव्हीच्या जमेचं बँक स्टेटमेंट, देणग्यांचे ठराव. ठरावाचं इतिवृत्त मागायला विसरू नका, कारण व्हाउचर असतं आणि ठराव नसतो असं वारंवार दिसतं. तिथे दाद लागली नाही तर निबंधकाकडे, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, युनियनने दाखल केलेल्या वार्षिक विवरणपत्रासाठी दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करता येतो.

पगारातून वर्गणी कापायच्या संमतीपत्रावर सही करताना ‘व युनियन वेळोवेळी ठरवील त्या इतर रकमा’ असे शब्द दिसले तर ते खोडून बाजूला सही करा. निवडणुकीच्या वेळी वेगळी वर्गणी मागितली आणि द्यायची इच्छा असेल तर जरूर द्या, पण ‘राजकीय निधी’ असं लिहिलेल्या पावतीवरच. द्यायची नसेल तर एका ओळीचं पत्र पुरतं: ‘मी राजकीय निधीस वर्गणी देत नाही, माझी मासिक वर्गणी नियमित चालू ठेवावी.’ या पत्रातला दुसरा भाग वगळू नका, नाहीतर कुणीतरी ते राजीनामा म्हणून फाईलला लावेल.