प्रिझम: ‘शक्यतो’ म्हणणाऱ्याला आकडा विचारणारं टूल

चालू असतानाच स्वतःची वागणूक बदलणारं सॉफ्टवेअर असेल, तर ‘संदेश वेळेत पोचला पाहिजे’ एवढी रिक्वायरमेंट लिहून भागत नाही. नेटवर्क ढेपाळलं, बॅटरी उतरली की किती सूट द्यायची? हे ठरवायला मी प्रिझम वापरतो. बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांत घडलेला हा प्रॉबेबिलिस्टिक मॉडेल चेकर (म्हणजे सिस्टीमचं गणिती मॉडेल घेऊन एखादी गोष्ट घडण्याची संभाव्यता काढणारं टूल) मोफत आहे, ओपन सोर्सही.

‘दहा पायऱ्यांत संदेश पोचण्याची संभाव्यता किमान ०.९९’ असं पीसीटीएल या संभाव्यतेच्या अटी मांडायच्या लॉजिकमध्ये लिहायचं, उत्तर हो किंवा नाही. मर्यादेच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं तर थेट आकडाच मिळतो. मीटिंगमध्ये ‘नेहमी’ म्हणणारी मंडळी ०.९४ पाहिल्यावर जरा बेतानं बोलायला लागतात.

खरी गंमत एमडीपी (मार्कोव्ह डिसिजन प्रोसेस) मॉडेलमध्ये: त्यात काही गोष्टी संभाव्यतेनं ठरतात, काही मोकळ्या निवडीनं. वातावरण कसं वागेल याची आकडेवारी नसेल, तर तिथे मनाचे टक्के ठोकायचे नाहीत. पर्याय मोकळे सोडायचे आणि किमान संभाव्यता विचारायची. वातावरण वाईटात वाईट वागलं तरी पदरात काय पडतं, ते कळतं. पण एक गोम आहे. सॉफ्टवेअरचे स्वतःचे निर्णयही मोकळे ठेवलेत, तर ‘किमान’ विचारताच तेही तुमच्या विरोधात जातात! कारण निवड कोणाची, हा भेद एमडीपीत नसतो. म्हणून बदलाचं धोरण आधी पक्कं करा, नाहीतर प्रिझम-गेम्स घ्या; त्यात दोन्ही बाजू वेगळे खेळाडू असतात.

व्हेरिएबल्स वाढली की स्टेट्सचा, म्हणजे सिस्टीमच्या संभाव्य अवस्थांचा, स्फोट होतो, तो कुठल्याही मॉडेल चेकरला चुकलेला नाही. प्रत्यक्ष चालू सिस्टीमवर प्रिझम नजर ठेवत नाही. मोजलेल्या नव्या संभाव्यता घालून पुन्हा चालवण्याची सोय आपणच करायची. आणि ‘शक्य तितकं जवळ’ अशी सैल अट जशीच्या तशी लिहायची असेल, तर २००९ साली मांडलेली फझी लॉजिकवर (हो-नाहीऐवजी ‘किती अंशी खरं’ असं मोजणाऱ्या तर्कावर) उभी रिलॅक्स भाषा बरी. मी सूट आधी तिच्यात मांडतो, कडक मर्यादा तेवढ्या इथे तपासतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. नव्यांनी लॉगमधली डेडलॉकची (पुढे जायला वाटच नसलेल्या स्टेटची) सूचना वाचल्याशिवाय निकालावर विसंबू नये: अडकलेल्या स्टेटला प्रिझम स्वतःकडेच परतणारा बाण जोडतं आणि पुढे हिशोब करत राहतं.