पहिली कुठली: वाडीतली की तालुक्याची?

काजूच्या बिया गोळा करायची घाई सुरू झाली की आमच्या कुडाळ-मालवण भागात आणखी एक विषय निघतो: पोराला पहिलीत घालायचं कुठे? वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात? फी आणि टाय-बूट यांवर भरपूर बोलणं होतं. कुठल्या शाळेसाठी पोराची घरी किती तयारी करून घ्यावी लागेल, हे मात्र कोणी बघत नाही. मी आधी तेच बघेन.

वाडीतली शाळा बहुधा अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर. पटांगण ओळखीचं, वरच्या वर्गात शेजारची ताई. अडतं ते भाषेशी. अंगणवाडीच्या बाई गावातल्याच, त्यांना ‘माका पाणी व्हया’ कळतं. पहिलीचे गुरुजी मात्र पुष्कळदा घाटावरचे. ‘माका भायर जावचा आसा’ हे त्यांना चटकन समजलं नाही की पोर गप्प होतं, आणि आपण म्हणतो, शाळेला घाबरतं! एप्रिल-मेत ‘मला बाहेर जायचंय’, ‘मला कळलं नाही’ अशी पाच-सहा वाक्यं शाळा-शाळा खेळताना बोलून घ्या. मालवणी तोडायची गरज नाही, तिच्या शेजारी दुसरी बोली बसवायची.

इंग्रजी माध्यमात हाच अडथळा दुप्पट. त्याच शाळेच्या सीनियर केजीतून जाणाऱ्याला फारसं जड जात नाही, इमारत आणि मित्र तेच असतात. अंगणवाडीतून थेट जाणाऱ्याला प्रमाण मराठी आणि इंग्रजी एकदमच. त्यात व्हॅन. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा 2024 चा शासन निर्णय आहे, पण व्हॅन वाड्या फिरत येते. आपलं घर पहिल्या थांब्यावर असेल तर पेज घशाखाली उतरायच्या आत हॉर्न वाजतो. जुलैत साकवावरून पाणी गेलं की तो दिवस बुडालाच.

वाडीच्या शाळेची खरी उणीव पटाची. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग. पहिलीत दोनच मुलं असली तर बरोबरीचा सवंगडी मिळणं नशिबावर. मोठ्यांचं ऐकून शिकणाऱ्या पोराला हे मानवतं. सवंगड्यांशिवाय न रमणाऱ्यासाठी मी तालुक्याचा विचार करेन.

वय दोन्हीकडे सारखंच: 31 डिसेंबरला सहा पूर्ण. नोव्हेंबरात जन्मलेलं पोर नियमात बसतं, पण जूनमध्ये ते साडेपाचचंच असतं. एक वर्ष थांबवलंत तर काही बिघडत नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला 2009 च्या त्याच कायद्याने मनाई आहे, तेव्हा ‘इंटरव्ह्यू’साठी स्पेलिंगं घोकून घेऊ नका.

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. तिथे उड्या, रंग, मोजणी असं करत पोर कुठे अडतं ते दिसतं, आणि आईलाही घरी काय करून घ्यायचं ते सांगतात. वाडीची शाळा ठरत असेल तर तो चुकवू नका.

बाकी तयारी हाताची. वाडीत खिचडीचं ताट स्वतः धुणं, तालुक्यात डब्याचं घट्ट झाकण उघडणं. रेनकोटची बटणं दोन्हीकडे. मेच्या उन्हात रेनकोट घालून पोर खळ्यात फिरताना दिसलं तर शेजारी हसतील. हसू देत.