मॉर्गन की पीस? पहिला चांदीचा डॉलर घेण्याआधी

प्रमाणित अमेरिकन चांदीचे डॉलर जमवायला निघालेल्या माणसापुढे लवकरच दोन नाणी येतात: मॉर्गन आणि पीस. वजन दोघांचं 26.73 ग्रॅम, चांदी 90 टक्के, व्यास 38.1 मिलिमीटर. धातू म्हणून दोन्ही एकच. निवड करायची ती घडणीवरून, आणि संच कुठवर न्यायचा आहे त्यावरून.

मॉर्गन 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडला गेला. फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिन्स, कार्सन सिटी आणि शेवटच्या वर्षी डेन्व्हर, इतक्या टांकसाळी, आणि प्रत्येक सालचं प्रत्येक टांकसाळीचं नाणं वेगळं धरतात, म्हणून संच शंभराच्या जवळ जातो. त्यातही 1893 चा सॅन फ्रान्सिस्कोचा (फक्त 1,00,000 नाणी) आणि 1889 चा कार्सन सिटीचा डॉलर सामान्य खिशाला झेपत नाहीत. पीसचं तसं नाही. 1921 ते 1928 आणि 1934-35, सगळी मिळून 24 नाणी. त्यातली अवघड म्हणजे 1928 ची फिलाडेल्फियाची (3,60,649) आणि न वापरलेल्या स्थितीत 1934 ची सॅन फ्रान्सिस्कोची. काही वर्षं नेटाने जमवलं तर हा संच पुरा होतो. ज्याला अल्बममधली रिकामी जागा सलते, त्याने पीसच घ्यावा.

पण किती नाणी पाडली या संख्येवरून दुर्मिळता ठरवू नका, विशेषतः मॉर्गनमध्ये. 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानासाठी घेतली, कारण महायुद्धात इथे लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते. आजीच्या डब्यात त्या सुमाराचा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर त्यात कधीकाळचा मॉर्गन असण्याची शक्यता खरीच आहे. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. कोणत्या सालची किती नाणी मुशीत गेली याची नोंद मात्र ठेवली गेली नाही. वितळवलेल्यांच्या जागी नवी पाडायची म्हणून 1921 मध्ये मॉर्गन परत आला आणि त्याच वर्षअखेरीस पीस सुरू झाला.

उलटही घडतं. 1903 चा न्यू ऑर्लिन्सचा मॉर्गन एके काळी मालिकेतल्या सर्वांत महागड्या नाण्यांत गणला जाई. 1962 च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

घडणीत मॉर्गन सरस, असं माझं मत. 1881 चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर हातात धरून दिव्याखाली फिरवा, चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड त्यावरून सरकतो. त्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या केसांची बट न् बट उठलेली दिसते. आणि हे नाणं चांगल्या ग्रेडमध्येही मुबलक मिळतं. पीसचा चेहरा आधुनिक, सुंदर. शिल्पकार अँथनी दे फ्रान्चिशी यांनी पत्नी तेरेसाला समोर ठेवून तो घडवला. 1921 च्या नाण्यावरचं चित्र इतकं उंच उठलेलं होतं की नाणं नीट उमटेना, म्हणून 1922 पासून ती उंची कमी केली. मोकळ्या सपाट भागावर थैलीत लागलेला प्रत्येक ओरखडा दिसतो, त्यामुळे एमएस-65 च्या (एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, पुढचा आकडा 70 पैकी दर्जाचा) वरचा पीस शोधणं जास्त कठीण.

प्रमाणपत्र पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांचं असावं. ग्रेड 1 ते 70, न वापरलेलं नाणं 60 पासून पुढे. सुरुवातीला एमएस-63 किंवा 64 पुरेसं आहे. 1922 चा झिजलेला पीस स्लॅबमध्ये (कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत) घेण्यात अर्थ नाही, स्लॅबचेच पैसे जास्त पडतील. बनावट स्लॅबही फिरतात, म्हणून क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तिथे फोटो असल्यास तो हातातल्या नाण्याशी जुळवा. सुटं नाणं मिळालं तर चिंच, रांगोळी काही लावू नका. घासलेल्या नाण्याला या कंपन्या सहसा आकडा देत नाहीत, नुसता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात.

तुमचं अजून ठरत नसेल तर 1881 चा सॅन फ्रान्सिस्कोचा एक मॉर्गन आणि 1923 चा फिलाडेल्फियाचा एक पीस, दोन्ही एमएस-64, शेजारी ठेवा. महिनाभरात ज्याच्याकडे हात आधी जाईल, त्याचं पुढचं साल घ्या.