‘पर्यावरणपूरक’ टेबल आणि कपाट: नऊ महिने वापरून झाल्यावर

गेल्या दसऱ्याला कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा एका मोठ्या फर्निचर चेनमधून डायनिंग टेबल, चार खुर्च्या आणि दोन दारांचं कपाट घेतलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. शोरूममध्ये जिकडेतिकडे हिरवी पानं, जबाबदार लाकूड, कामगारांचा सन्मान वगैरे बोर्ड, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यालाच भुललो.

आधी टेबल. आईचा पहिला प्रश्न, सागवान आहे का? नाही, रबरवुड. झालं, रबराचं टेबल कशाला म्हणून घरी येईपर्यंत तोंड पाडून बसली. पण हे लाकूड मला पटलं. रबराचं झाड साधारण 25-30 वर्षांनी चीक कमी द्यायला लागतं, मग ते तोडून मळ्यात नवीन रोप लावतात, झाड तसंही पडणारच असतं. पूर्वी बरंचसं सरपणात जायचं. कीड लवकर लागते म्हणून बोरॉनचं ट्रीटमेंट मात्र लागतं. सेल्समन शीशमचं टेबल गळ्यात मारायला बघत होता, आम्ही नको म्हटलं. शीशम आणि आपला शिसव एकाच वंशातले (डालबर्जिया), आणि 2017 पासून तो अख्खा वंशच साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणजे बंदी नाही पण देशाबाहेर पाठवायचं तर कागदपत्रं लागतात. नऊ महिन्यांत टेबलाला ओरखडे सोडून काही झालेलं नाही, गरम कढई ठेवली तिथे एक पांढरा गोल उठलाय तो आमचाच गाढवपणा.

आता स्टिकर. टेबलाखाली एफएससीचं (नीट सांभाळलेल्या जंगलातल्या लाकडाला सर्टिफिकेट देणारी संस्था) लेबल होतं आणि सेल्समन छातीठोकपणे म्हणाला होता शंभर टक्के सर्टिफाइड. घरी येऊन वाकून बघितलं तर ‘मिक्स’. मिक्स म्हणजे सगळं लाकूड सर्टिफाइड जंगलातलंच असेल असं नाही, त्यात रिसायकल्ड किंवा ‘कंट्रोल्ड’ (सर्टिफाइड नाही, पण बेकायदा तोडीचं वगैरे नाही एवढं तपासलेलं) लाकूडही चालतं, पूर्ण हवं तर लेबलवर तसं 100% छापलेलं असतं. लेबलवरचा कोड त्यांच्या साइटवर टाकला तर कंपनीचं नाव बरोबर निघालं. म्हणजे लेबल खरं, सेल्समन खोटा.

कपाटाने मात्र डोकं फिरवलं. पार्टिकल बोर्डाचं आहे, आणि माझं त्याला तत्त्वतः काही म्हणणं नाही, लाकडाचा चुरा वाया जाण्यापेक्षा बरं, आपल्याकडे उसाच्या चिपाडापासूनही असे बोर्ड बनतात. पण ते चिकटवायला बहुतेक फॉर्मल्डिहाइडवाला डिंक असतो, पहिले तीन आठवडे कपाट उघडलं की डोळे चुरचुरायचे. उत्सर्जनाचा, म्हणजे बोर्डातून फॉर्मल्डिहाइड किती हवेत सुटतं त्याचा, ग्रेड कुठला विचारलं तर कस्टमर केअरवाल्या ताईंनी मलाच विचारलं, म्हणजे काय सर? मग जूनचा पाऊस लागला, खालची कड फुगली, एजबँड (कडेला चिकटवलेली पट्टी) सुटली आणि एका दाराच्या बिजागरीचे स्क्रू निघून हातात आले. मी फोन करून फक्त बिजागरी आणि पट्टी मागितली तर म्हणे सुटे पार्ट मिळत नाहीत, अख्खं दार बदलून घ्या, चार्जेस लागतील, जुनं आम्ही ‘डिस्पोज’ करू. अहो, मग शोरूममधली ती हिरवी पानं कशाला लावलीत?

शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी भोकांत काड्यापेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल कोंबला, दुसऱ्या दिवशी येऊन स्क्रू पिळले, पट्टी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणली. सगळे मिळून साडेचारशे रुपये. वर टोमणा, हे लाकूड नाही साहेब, बिस्कीट आहे.

अजून एक राहिलं. डिलिव्हरीला दोन पोरं आली होती, लिफ्ट बंद, तिसरा मजला, कपाटाचे खोके पाठीवर. ती कंपनीची नव्हतीच, कंत्राटदाराची, खेपेवर पैसे, उशीर झाला तर कट. चहा पिता पिता त्यांनीच सांगितलं. शोरूममधला सन्मानाचा बोर्ड त्यांच्यापर्यंत पोचलेला दिसला नाही. पुठ्ठा भंगारवाल्याने नेला, थर्माकोल कोणी घेईना, तो अजून माळ्यावर आहे.

टेबलाला चार स्टार, कपाटाला दीड. दुसरं दार पण आता कुरकुरायला लागलंय, काकांना फोन करून ठेवलाय.