मिनिडिस्कचा कार स्टिरिओ आणि कोकणची हवा : नऊ महिन्यांनंतर

शिमग्याच्या आधी चुलतभाऊ बोटीवरून घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात योकोहामाहून आणलेला एक जुना कार स्टिरिओ आणि खिशात मावणारा एक रेकॉर्डर होता. स्टिरिओ कॅसेटचा नाही, सीडीचाही नाही, मिनिडिस्कचा. "तुझ्या ऑल्टोत बसतो का बघ," म्हणाला. बसला. खाच त्याच मापाची, १२ व्होल्टही तेच. मागचा सॉकेट मात्र जुळेना, म्हणून वायरमनने तारा कापून एकेक जोडल्या आणि पिवळी-लाल उलट लावली. पिवळीला कायमचा करंट लागतो, लाल किल्लीवर चालते. आठवडाभर किल्ली काढली की घड्याळासकट सगळं सेटिंग पुसलं जायचं. शेवटी मीच तारा अदलून टेप मारली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : मिनिडिस्क सोनीने १९९२ साली बाजारात आणली. ६४ मिलिमीटरची चकती, कायम प्लास्टिकच्या डबीत बंद, आणि डबीला सरकणारी पत्र्याची झडप. आमची आई तिला फ्लॉपीच म्हणते.

त्या झडपेसाठी मी हा स्टिरिओ ठेवलाय. कोकणात सीडीचं काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे. दोन पावसाळे गाडीत काढले की चकतीवर बुरशीची पांढरी नक्षी उमटते, पुसायला गेलं तर चरे पडतात. यंदा जून ते सप्टेंबर अकरा मिनिडिस्क ग्लोव्ह बॉक्समध्येच होत्या. कागदी लेबलांना बुरशी आली, एकावरची शाई पसरली. आतल्या चकत्या स्वच्छ. अकराच्या अकरा वाजतात.

स्टिरिओचं नशीब एवढं चांगलं नाही. ऑगस्टमध्ये तो डिस्क आत घ्यायचा, चार वेळा कुरकुरायचा आणि बाहेर टाकायचा. उघडून पाहिलं तर लेन्सवर दमट धुरकट थर, आणि डिस्क ओढणाऱ्या दातेरी चक्रांवरचं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स पुसली, ग्रीस बदललं. अर्धा दिवस गेला. आमच्या खाडीकाठच्या घरी गाडी उघड्यावर असते, त्यामुळे हे काम दर पावसाळ्यात धरून चालायचं.

खड्ड्यांबद्दल तक्रार नाही, आणि मी राजापूरपर्यंत हायवेने आठवड्यातून दोनदा जातो, म्हणजे बघा. वाजवायला लागतो त्याहून बराच जास्त मजकूर यंत्र चकतीवरून आधीच वाचून घेतं आणि काही सेकंदांचं गाणं मेमरीत साठवतं. गाडी आपटली, लेझर भरकटला, तरी तो परत जागेवर येईपर्यंत साठ्यातलं वाजत राहतं. पक्क्या रस्त्यावर एकदाही अडकला नाही. आमच्या वाडीच्या जांभ्याच्या पाखाडीवर अडकतो, पण तिथे मीही अडकतो.

रेडिओची मात्र निराशा. जपानी सेट असल्यामुळे एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढंच. आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या वर, त्यामुळे नुसती खरखर. गंमत म्हणजे मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधलं अंतर जपानचं आणि आपलं एकच, ९ किलोहर्ट्झचं, म्हणून रात्री दूरची आकाशवाणी केंद्रं बिनबोभाट लागतात. ब्लूटूथ नाही, फोन तारेने जोडायची ऑक्सची खाचही नाही.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. शिमग्यात गावच्या नमनाचं, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभराच्या लोकनाट्याचं, रेकॉर्डिंग केलं. ८० मिनिटांच्या डिस्कवर १६० मिनिटं मावतात म्हणून रेकॉर्डर एलपी-२ या दुप्पट वेळ भरणाऱ्या पद्धतीवर ठेवला. पहाटे घरी परतताना डिस्क गाडीत टाकली : पडद्यावर नावाआधी 'एलपी' अशी अक्षरं, सेकंद पळतायत, आवाज शून्य. एलपीची पद्धत २००० साली आली, माझा स्टिरिओ त्याच्या आधीचा. जुन्या यंत्राला ती डिस्क कोरी शांतता वाटते. मागे बसलेली आई म्हणाली, "मृदंगवाला निजला काय रे?" रेकॉर्डरवर तेच नमन नीट वाजतं, गाडीसाठी मात्र ते दोन डिस्कवर एसपी या साध्या, जुन्या पद्धतीत पुन्हा भरावं लागणार. भरणं म्हणजे तार जोडून बसणं. ७४ मिनिटांच्या डिस्कला ७४ मिनिटं. वर गाण्यांची नावं रोमन अक्षरांत, एकेक अक्षर फिरवून. देवनागरी त्याला येत नाही.

घ्यावा का? वेळ आणि स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही असतील तर घ्या, पण रेकॉर्डर आधी मिळवा. स्टिरिओ मिळतो, त्यात घालायचं तयार काही मिळत नाही. कोऱ्या डिस्कही आहेत तेवढ्याच : सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या बनवणं बंद केलं. पुसून पुन्हा भरता येतात हा दिलासा. नमनासाठी मला दोन हव्यात, म्हणून भावाने दिलेल्या जुन्या जपानी गाण्यांच्या डिस्क पुसायला काढल्यात. त्याला अजून सांगितलेलं नाही.